हॉटेल बुकिंगसाठी मेसेजिंग निवडताना: काफ्का, रॅबिटएमक्यू की क्लाउडची तयार सेवा?

प्रश्न थोडक्यात असा. पणजीतली पाच जणांची टीम बुकिंगची प्रणाली चालवते. कळंगुट-बागा पट्ट्यातली हॉटेलं आणि काणकोण, सत्तरीकडची होमस्टे तिच्यावर आहेत. बुकिंग, पेमेंट, खोल्यांचा हिशेब आणि पाहुण्यांना जाणाऱ्या सूचना या वेगवेगळ्या सर्व्हिस एकमेकींना थेट एचटीटीपीने बोलावतात. नाताळच्या आठवड्यात पेमेंटची सर्व्हिस मंदावली आणि तिच्यामागे बाकी सगळं तुंबलं. आता मध्ये मेसेजिंग बसवायचं आहे, म्हणजे एका सर्व्हिसने मेसेज मधल्या रांगेत (क्यूत) ठेवायचा आणि दुसरीने सवडीने उचलायचा, तर काय घ्यावं: काफ्का, रॅबिटएमक्यू, अ‍ॅमेझॉनचं एसक्यूएस, अझूर सर्व्हिस बस की गूगल पब/सब? डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि सगळं अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रिजनमध्ये चालतं. ऐन गर्दीत दिवसाला २० हजारांच्या आसपास मेसेज होतील, जुलैत त्याचा दहावा हिस्साही नाही. शिवाय एका मोठ्या क्लायंटचा आग्रह काफ्काचा आहे.

उत्तर आधी देते, कारणं मागून. एसक्यूएस घ्या, एकच घटना अनेकांना कळवायची असेल तिथे त्याच्यापुढे एसएनएस (एकच मेसेज अनेक क्यूंना वाटणारी सेवा) लावा, आणि निवड करण्यात जे आठवडे जातात ते मेसेज पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या कोडवर घाला. मेसेजिंगमध्ये बुडणारे प्रकल्प मी जवळून पाहिले आहेत. ब्रोकर, म्हणजे मेसेज मध्ये सांभाळणारी प्रणाली, चुकीचा निवडला म्हणून बुडालेले त्यात फार थोडे. एकच मेसेज दोनदा आला तर काय करायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं, म्हणून बुडालेले बरेच.

आकड्यांपासून सुरुवात करू. दिवसाला २० हजार मेसेज म्हणजे सेकंदाला पाव मेसेजसुद्धा नाही. समजा त्यातले निम्मे संध्याकाळच्या चार तासांतच आले, तरी सेकंदाला एकापेक्षा कमी पडतात. क्षणिक उसळी वीसपट धरा, वीस मेसेज झाले. एसक्यूएसची क्रम पाळणारी फिफो क्यू बॅचिंग (अनेक मेसेज एकत्र पाठवणं) न करताही सेकंदाला प्रत्येक प्रकारच्या ३०० विनंत्या झेलते, आणि साध्या क्यूला तर तुमच्या दृष्टीने मर्यादाच नाही. काफ्का लिंक्डइनमध्ये जन्मला आणि २०११मध्ये मुक्त स्रोत झाला तो याच्या कैक पट प्रवाहासाठी. वेग हा निकष तुमच्या निवडीतून इथेच गळला. सेकंदाचा हिशेब न करता केलेली तुलना वाचायलाही घेऊ नका.

आता खरा फरक. साध्या क्यूमध्ये मेसेज म्हणजे पेटीतली चिठ्ठी: एकाने उचलली, काम केलं, फाडून टाकली. काफ्का म्हणजे देवस्थानची जमाखर्चाची वही: नोंद एकदा लिहिली की तिथेच राहते, वाचणारे कितीही असोत, प्रत्येकाची खूण आपापल्या पानावर. म्हणून काफ्कामध्ये मेसेज वाचल्याने नाहीसा होत नाही, ठरलेल्या मुदतीने जातो. ती मुदत मुळात ७ दिवसांची असते आणि हवी तेवढी वाढवता येते. नवी सर्व्हिस आली की ती पहिल्या पानापासून वाचू शकते. हे सामर्थ्य फार मोठं आहे. मागच्या सीझनचे सगळे बुकिंग-बदल पुन्हा चालवून दराचं नवं गणित तपासायचं असेल, तर क्यू तुमच्या काहीच कामाची नाही आणि काफ्का नेमका त्यासाठीच आहे.

पण तुमच्या यादीतली कामं बघा. पाहुण्याला व्हॉट्सअ‍ॅप पाठवा. पावती तयार करा. चॅनेल मॅनेजरला (वेगवेगळ्या बुकिंग साइटांवर खोल्या दाखवणारी प्रणाली) खोल्यांची नवी संख्या कळवा. ही सगळी ‘करून टाका आणि विसरा’ या जातीची आहेत. अशा कामांना काफ्का लावला की त्याचे नियम सोसावे लागतात. एका कन्झ्युमर ग्रुपमध्ये, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या वाचकांच्या गटात, एक पार्टिशन (त्या वहीचा एक भाग) एकाच कन्झ्युमरकडे असतं, म्हणून पार्टिशन सहा असतील तर सातवा कन्झ्युमर नुसता बसून राहतो. एखादा मेसेज बिघडलेला निघाला तर त्या पार्टिशनमधले त्याच्यामागचे सगळे थांबतात. तो बाजूला काढून पुढे कसं जायचं, याचा कोड तुम्हालाच लिहावा लागतो. पुढे पार्टिशन वाढवली तर मेसेजला जोडलेली जुनी ‘की’ (ओळख) वेगळ्या पार्टिशनमध्ये जाऊ लागते, आणि ज्या क्रमाच्या भरवशावर तुम्ही होतात तो तिथेच तुटतो. ४.० आवृत्तीत, म्हणजे २०२५मध्ये, झूकीपर (काफ्काचा समन्वय राखणारी वेगळी प्रणाली) पूर्णपणे गेला आणि काफ्का सांभाळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं हे खरं. तरी पाच जणांच्या टीममध्ये ब्रोकरची डिस्क भरली की रात्री उठणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

गोव्यात धंदा करणाऱ्याने आणखी एक गोष्ट आवर्जून मोजावी: आपला सीझन. ऑक्टोबरपासून वाढत जाणारा, नाताळ-नववर्षाला शिगेला पोचणारा आणि जूनमध्ये पावसाबरोबर एकदम उतरणारा असा ओघ असतो. क्लाउडवरचा तयार काफ्का मुख्यतः ब्रोकरच्या किंवा क्लस्टरच्या तासांवर बिल लावतो, म्हणजे जुलैतल्या रिकाम्या खोल्यांसाठीही महिनाभराचं भाडं. एसक्यूएस विनंत्यांवर आकारतं. तुमचा हिशेब मांडून दाखवते. एक मेसेज पाठवणं, उचलणं आणि पुसणं मिळून तीन विनंत्या. दिवसाला २० हजार मेसेज म्हणजे ६० हजार विनंत्या, महिनाभर तीच गर्दी राहिली असं धरलं तरी १८ लाख. त्यातल्या पहिल्या १० लाख दरमहा मोफत. उरलेल्यांचं बिल तुमच्या इतर खर्चात दिसणारही नाही. एकच काळजी घ्या: क्यू रिकामी असतानाची विचारणासुद्धा विनंती म्हणून मोजली जाते. लाँग पोलिंग (मेसेज येईपर्यंत एकाच विचारणेत थांबणं) २० सेकंदांवर ठेवा, नाहीतर कन्झ्युमर पावसाळाभर रिकाम्या क्यूला विचारत बसेल आणि त्याचेच पैसे जास्त होतील.

रॅबिटएमक्यूबद्दल मला मनापासून आदर आहे. कोणता मेसेज कुठे जावा याचे बारीक नियम, प्राधान्यक्रम, मेसेजनिहाय मुदत हे सगळं त्याच्यात फार सुंदर जमतं, आणि एएमक्यूपी या खुल्या प्रोटोकॉलमुळे तुम्ही एका क्लाउडला बांधले जात नाही. हॉटेलचा स्वतःचा सर्व्हर असेल, क्लाउडवर जायचंच नसेल, तर मी डोळे मिटून तेच सुचवेन. मात्र टिकाऊ क्यू हवी तर क्वोरम क्यू (मेसेजच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारी) वापरा आणि तीन नोड, म्हणजे तीन सर्व्हर, ठेवा. इंटरनेटवर सापडणारे मिरर केलेल्या क्यूंचे जुने लेख आता निरुपयोगी आहेत, ४.० आवृत्तीत तो प्रकारच काढून टाकला आहे. आणि मेमरीची ठरलेली मर्यादा ओलांडली की रॅबिटएमक्यू पाठवणाऱ्यांनाच रोखून धरतो. रास्तच आहे ते, पण नाताळच्या संध्याकाळी तुमची बुकिंग सर्व्हिस त्या रोखण्यात लटकली तर आजच्याच जागी परत आलात.

अझूर सर्व्हिस बस आणि गूगल पब/सब दोन्ही उत्तम आहेत, फक्त तुमचा डेटाबेस तिथे नाही. सर्व्हिस बसमधली सेशन (संबंधित मेसेज क्रमाने हाताळण्याची सोय), ठरावीक वेळी पोचणारे मेसेज आणि जन्मजात मिळणारी डेड-लेटर क्यू (वारंवार फसलेले मेसेज बाजूला ठेवणारी) मला एसक्यूएसपेक्षाही आवडते. तुमचं सगळं डॉटनेटमध्ये आणि अझूरच्या पुण्याच्या रिजनमध्ये असतं तर उत्तर बदललं असतं. निव्वळ एका क्यूसाठी दुसरं क्लाउड, दुसरं बिल, दुसरे परवाने आणि मध्ये दोन क्लाउडांमधलं नेटवर्क, एवढं ओझं पाच जणांनी घेऊ नये.

आता ज्यावर वेळ घालायला सांगितलं तिकडे येते.

या सगळ्या सेवा मुळात ‘किमान एकदा’ पोचवण्याची हमी देतात. म्हणजे कधीतरी दोनदा. फिफो क्यू पाच मिनिटांच्या खिडकीत एकाच ओळखीचे मेसेज गाळते, पण सहाव्या मिनिटाला कोणी पुन्हा पाठवला तर तो नवा धरला जातो. काम झालं आणि पोच देण्याआधीच तुमचा प्रोसेस मेला, तर कोणताही ब्रोकर ते ओळखू शकत नाही. उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलसमूहाची प्रणाली तपासायला मला बोलावलं होतं, तिथे पाहुण्यांच्या कार्डावरून दोनदा रक्कम जात होती. एसक्यूएसचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहण्याचा काळ, मुळातल्या ३० सेकंदांवरच होता. एरवी कार्डाचा व्यवहार दोन-तीन सेकंदांत होई. वर्षअखेरीला बँकेकडून उत्तर यायला ४० सेकंद लागू लागले. तिसाव्या सेकंदाला तोच मेसेज पुन्हा दिसू लागला, दुसऱ्या कन्झ्युमरने प्रामाणिकपणे उचलला आणि पुन्हा कार्डाला हात घातला. कोणाचाही कोड एरवीच्या दिवसांत चुकीचा नव्हता. तुमच्याकडे लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता फंक्शन चालवणारी सेवा) असेल तर हा काळ फंक्शनच्या टाइमआउटच्या सहापट ठेवा, अ‍ॅमेझॉनची शिफारसही तीच आहे.

टाइमआउट वाढवल्याने शक्यता कमी होते, संपत नाही. संपवायची जागा तुमचा पोस्टग्रेस आहे. प्रत्येक मेसेजला पाठवणाऱ्यानेच एक कायमचा क्रमांक द्यावा. घेणाऱ्याकडे ‘हाताळलेले मेसेज’ असं टेबल असावं, त्या क्रमांकावर युनिक बंधन असावं, आणि त्या टेबलातली नोंद व प्रत्यक्ष काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही) व्हावं. दुसऱ्यांदा आलेला मेसेज त्या बंधनावर आपटतो, तुम्ही तो शांतपणे पुसून टाकता. पेमेंट गेटवेसारख्या बाहेरच्या सेवेला मात्र तुमचं ट्रान्झॅक्शन कळत नाही, म्हणून तिला ‘आयडेम्पोटन्सी की’ (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखण्याची खूण) म्हणून तोच क्रमांक द्यायचा.

पाठवण्याच्या बाजूलाही अशीच भेग असते. बुकिंग डेटाबेसमध्ये लिहिलं आणि क्यूत मेसेज टाकण्याआधी सर्व्हर पडला, तर खोली अडकली पण कोणालाच कळलं नाही. उलट क्रमाने केलं तर पाहुण्याला ‘बुकिंग पक्कं’ असा निरोप जातो आणि डेटाबेसमध्ये काहीच नसतं. उपाय आउटबॉक्स: बुकिंगची ओळ आणि पाठवायचा मेसेज दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये डेटाबेसमध्येच लिहा. एक वेगळा छोटा प्रोसेस त्या टेबलातून मेसेज उचलून क्यूत टाकत राहील. पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ आहे, त्यामुळे असे दोन-तीन प्रोसेस एकमेकांच्या पायात न येता चालतात. हा प्रोसेस अधूनमधून एखादा मेसेज दोनदा टाकेल, पण घेणाऱ्याकडचं बंधन आहेच. अगदी खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या सर्व्हिस एकाच डेटाबेसवर असत्या, तर मी म्हटलं असतं की हे टेबल हीच तुमची क्यू, एसक्यूएसही नको.

क्रमाबद्दल. बुकिंग, तारखेत बदल, रद्द, हे एकाच बुकिंगपुरते क्रमाने पोचायला हवेत. म्हणून या प्रवाहाला फिफो क्यू लावा आणि मेसेज ग्रुप म्हणून बुकिंग क्रमांक द्या. हॉटेलचा क्रमांक देऊ नका. दिला तर त्या हॉटेलचा एक मेसेज अडला की त्या हॉटेलचे बाकी सगळेही अडतील. बाकी सूचना, पावत्या, अहवाल यांना साधी क्यू पुरते. तरीही मेसेजमध्ये बुकिंगची आवृत्ती लिहा, आणि आपल्याकडे ५ असताना ४ आली तर सोडून द्या. क्यू उद्या बदलली तरी हे चालतं.

एक गल्लत मात्र टाळा. एका खोलीवर दोन पाहुणे येऊ नयेत हे काम क्यूकडून करून घ्यायला जाऊ नका. त्यासाठी पोस्टग्रेसचं एक्सक्लूजन बंधन आहे: तीच खोली आणि एकमेकांवर चढणाऱ्या तारखा असतील तर दुसरी ओळ आतच घेणार नाही. दोन चॅनेलवरून एकाच क्षणी बुकिंग आली तरी एकच टिकेल.

आणि सगळंच क्यूत ढकलू नका. ‘२८ डिसेंबरला खोली आहे का?’ असं विचारणारा पाहुणा स्क्रीनकडे बघत बसलेला असतो, त्याला थेट उत्तर हवं. तिथे एचटीटीपीच राहू द्या, पण दोन सेकंदांचा टाइमआउट आणि सर्किट ब्रेकर (सेवा सतत फसू लागली की तिला विचारणं काही काळ थांबवणारी सोय) लावा. तुमच्या नाताळच्या तुंबण्याचं मूळ मला इथेच दिसतं: पेमेंटची वाट अमर्याद पाहिली गेली. क्यू येईपर्यंत थांबू नका, टाइमआउट याच आठवड्यात घाला.

काणकोण-सत्तरीच्या होमस्टेंचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कोणत्याही ब्रोकरमध्ये नाही. पावसाळ्यात झाड तारांवर पडलं की वीज जाते, तिच्यामागून नेटही जातं, आणि तरीही दारात आलेल्या पाहुण्याची नोंद व्हायलाच हवी. म्हणून तिथल्या टॅबवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये स्थानिक आउटबॉक्स ठेवा. नेट आलं की साध्या एचटीटीपीएसने तुमच्या सर्व्हरला द्यावं आणि सर्व्हरने क्यूत टाकावं. क्यूच्या चाव्या टॅबवर देऊ नका. पुन्हा प्रयत्न करण्यातलं अंतर दरवेळी दुप्पट करा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा, कारण तालुक्याची वीज एकदम येते आणि सगळे टॅब एकाच सेकंदाला धडकतात. दाराची कुलपं किंवा वीजमीटर जोडायचे असतील तर एमक्यूटीटी हा उपकरणांसाठीचा हलका प्रोटोकॉल बघा. १९९९मध्ये ते तेलवाहिन्यांवरच्या उपग्रह-जोडणीसाठी, म्हणजे महाग आणि बेभरवशाच्या नेटसाठीच बनलं होतं.

फायरबेस क्लाउड मेसेजिंगनेच हे सगळं भागेल का, असाही तुमचा एक उपप्रश्न आहे. नाही. ते फोनवर सूचना पोचवण्यासाठी आहे. त्यात ४ केबीच मावतात, आणि फोन बंद असताना एका उपकरणासाठी १०० पेक्षा जास्त मेसेज साचले तर साठवलेले सगळे टाकून दिले जातात. हाउसकीपिंगच्या फोनला ‘नवं काम आलं आहे, घेऊन जा’ एवढं त्याने सांगावं, कामाची यादी मात्र तुमच्या सर्व्हरवरूनच यावी.

ज्यासाठी मी सर्वांत जास्त आग्रह धरेन ते म्हणजे डेड-लेटर क्यू आणि तिच्यावरची नजर. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची सी-फॉर्मची माहिती सरकारकडे भरावी लागते, हे गोव्यातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला माहीत आहे. ती माहिती पाठवणारा मेसेज पाच प्रयत्नांनंतर डेड-लेटर क्यूत पडला आणि कोणी पाहिलाच नाही, तर अडचणीत येणार तो होमस्टेचा मालक. म्हणून क्यूची लांबी पाहून थांबू नका, सर्वांत जुन्या मेसेजच्या वयावर अलार्म लावा. सी-फॉर्मच्या क्यूत एक तास, सूचनांच्या क्यूत दहा मिनिटं. डेड-लेटर क्यूत एक जरी मेसेज आला तरी फोन वाजायला हवा. आणखी एक खाच: साध्या क्यूतून डेड-लेटरमध्ये गेलेल्या मेसेजचं वय मूळ क्यूत शिरल्यापासूनच मोजलं जातं. मुळातली मुदत ४ दिवसांची असते. तीन दिवस अडकून मग तिकडे गेलेल्या मेसेजला एकच दिवस उरतो. डेड-लेटरची मुदत पहिल्या दिवशीच १४ दिवसांवर न्या.

पासपोर्टचे फोटो मेसेजमध्ये घालू नका. एसक्यूएसची २५६ केबीची मर्यादा २०२५मध्ये १ एमबी झाली म्हणून मोह होईल. पण असा मेसेज लॉगमध्ये, डेड-लेटरमध्ये, कोणाच्या तरी डीबग फाइलमध्ये उरतो, आणि २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ते अजिबात परवडणारं नाही. फोटो एस३ या फाइली साठवणाऱ्या सेवेत, मेसेजमध्ये फक्त त्याचा पत्ता.

राहिला क्लायंटचा काफ्काचा आग्रह. त्यांना विचारा की तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आमच्या अ‍ॅनालिटिक्सला तुमच्या सगळ्या घटना हव्यात.’ ही मागणी रास्त आहे, आणि ती पुरवायला तुमचा गाभा काफ्कावर असण्याची गरज नाही. तुमच्या आउटबॉक्स टेबलात त्या घटना आधीच क्रमाने लिहिलेल्या असतील. डेबेझियम हे साधन पोस्टग्रेसचा लॉग (बदलांची नोंद) वाचून त्या क्लायंटच्या काफ्कामध्ये टाकू शकतं. क्लस्टर त्यांचा, त्याचं बिल त्यांचं, आणि तुमच्या बुकिंगच्या वाटेत त्यातलं काहीच येत नाही. फक्त तुमचा डेटाबेस त्या वाचनासाठी लॉग राखून ठेवतो, तेव्हा त्यांची बाजू बंद पडली तर तुमची डिस्क भरत जाईल. ‘मॅक्स स्लॉट वाल कीप साइज’ ही पोस्टग्रेसची मर्यादा घालून ठेवा आणि ती ओलांडली गेली तर त्यांनी सगळं पहिल्यापासून घ्यायचं, हे करारातच लिहा.